मध्यम शहराच्या मध्यवर्ती भागात हॉटेल उभारायचंय? आधी रविवारची रात्र मोजा

शहराच्या मधोमध मोक्याची जागा हाती आली, की पहिला फोन आर्किटेक्टला जातो. आठवड्याभरात काचेचा दर्शनी भाग, गच्चीवरचं रेस्टॉरंट, दोन मजली उंच लॉबी अशी चित्रं तयार होतात आणि मग त्या चित्रांना साजेसे आकडे शोधायची धावपळ सुरू होते. हॉटेल प्रकल्पांची गणितं मांडण्यात माझी बरीच वर्षं गेली. प्रत्येक मालकाला मी एकच विनंती करतो: तो फोन काही महिने थांबवा आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधा. रविवारी रात्री इथे कोण झोपणार आहे?

मंगळवार-बुधवारचं उत्तर सगळ्यांकडे असतं, कारण कामानिमित्त येणारे पाहुणे आठवड्याच्या मध्यात येतात आणि त्या रात्री शहरातली बरी हॉटेलं भरलेलीच दिसतात. ‘खोली मिळत नाही’ ही तक्रार तिथूनच येते, आणि तिच्या भरवशावर पूर्ण इमारत उभी राहते. महानगरात अशी चूक पचते. हजारो खोल्यांत शे-दीडशेंची भर कुणाला जाणवत नाही. मध्यम शहरात तुमच्या तोडीची हॉटेलं चार-पाच असतात. तुम्ही दार उघडलं की सगळ्यांचंच गणित बदलतं, तुमचंही. शिवाय हॉटेलची खोली हा नाशवंत माल. आज रात्री विकली गेली नाही तर ती रात्र कायमची गेली.

पहिली पायरी: रात्री मोजा

एक साधा तक्ता करा. आडवे आठवड्याचे सात वार, उभे वर्षाचे बारा महिने. प्रत्येक चौकटीत लिहायचं: त्या वारी, त्या महिन्यात शहरातल्या तुमच्या तोडीच्या हॉटेलांच्या शंभरातल्या किती खोल्या भरतात आणि कोणामुळे.

बाजाराची एकत्रित आकडेवारी एसटीआरसारख्या संस्था विकतात. त्यात हॉटेलांचा गट करून सरासरी दिली जाते, एकेकट्या हॉटेलचा आकडा कळत नाही. लहान बाजारात हा गट अपुरा पडतो, तेव्हा पायी फिरण्याला पर्याय नाही. रात्री साडेदहाच्या सुमारास प्रत्येक स्पर्धक हॉटेलचं पार्किंग मोजा, रस्त्यावरून दिसणाऱ्या किती खिडक्यांत दिवे आहेत ते लिहा, सकाळी साडेसातला नाश्त्याच्या हॉलमध्ये किती टेबलं भरली आहेत ते पाहा. वेगवेगळ्या हंगामांतले किमान चार आठवडे हे करा. काम कंटाळवाणं आहे, पण एका प्रकल्पात याच मोजणीमुळे लक्षात आलं की कागदावर ‘व्यावसायिक पाहुणे’ म्हणून दाखवलेली निम्मी मागणी एकाच कारखान्याच्या विस्ताराच्या कामावर आलेल्या तंत्रज्ञांची होती. विस्तार संपला, मागणी संपली.

मग मागणी जिथून निर्माण होते तिथे जा: मोठ्या कंपन्यांचे प्रवास विभाग, रुग्णालय, विद्यापीठ, न्यायालय, क्रीडासंकुल, परिषदा भरवणारे आयोजक. ‘नवं हॉटेल हवंय का?’ असं विचारलंत तर सगळे हो म्हणतील आणि त्या होकाराला काडीची किंमत नाही. विचारा: वर्षाला किती रात्री, कोणत्या वारी, सध्या काय भाडं देता, सध्या कुठे राहता आणि तिथून हलायला कारण काय? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तुमचा खरा ग्राहक सापडतो. रुग्णालयाकडे विशेष लक्ष द्या, कारण रुग्णाच्या नातेवाइकांना वार नसतो. ते रविवारीही राहतात, आणि अनेक दिवस राहतात.

आता गणित. समजा, तुमच्या तोडीच्या ४०० खोल्या शहरात आहेत. सोमवार ते गुरुवार ८० टक्के, शुक्रवार-शनिवार ५५ टक्के आणि रविवारी ३५ टक्के भरतात. आठवड्याची सरासरी ६६ टक्के. ऐकायला आकडा छान वाटतो. वर्षाच्या विकलेल्या रात्री झाल्या साधारण ९६,४००. हॉटेल उघडायला तीन वर्षं लागतील आणि तोवर मागणी दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर १,०५,३००. त्यात तुमच्या १०० खोल्या मिळवल्या की शहराची क्षमता ५०० खोल्या, म्हणजे वर्षाला १,८२,५०० रात्री. भागाकार करा: ५८ टक्के. तुमच्या येण्यानेच बाजार ६६ वरून ५८ टक्क्यांवर आला. तुमचा न्याय्य वाटा पाचातला एक. नवं हॉटेल, उत्तम जागा म्हणून त्या वाट्याच्या एकदशांश जास्त खेचून आणलंत, तरी तुमची ऑक्युपन्सी, म्हणजे भरलेल्या खोल्यांचं प्रमाण, ६३ ते ६४ टक्के होते. सादरीकरणात मात्र ७५ टक्के लिहिलेले असतात.

यात एक भर घालायला हवी. भरलेल्या रात्री शहरात खोली न मिळाल्याने जे दुसऱ्या गावी जाऊन राहतात, ती दबलेली मागणी खरी असते. पण ती फक्त भरलेल्या रात्रींची असते. तीसुद्धा तक्त्यात त्याच वारांखाली लिहा, सरासरीत मिसळू नका.

दुसरी पायरी: किती खोल्या, कसलं हॉटेल

तक्ता समोर ठेवला की प्रकार बराचसा आपोआप ठरतो. दोन-तीन रात्रींचे कामाचे पाहुणे जास्त असतील तर मर्यादित सेवेचं हॉटेल: चांगली खोली, चांगला नाश्ता, लहान व्यायामशाळा, एक-दोन बैठकीच्या खोल्या. आठवडे-महिने राहणारे असतील तर छोटं स्वयंपाकघर असलेलं दीर्घ मुक्कामाचं हॉटेल. याचा मोठा फायदा म्हणजे दीर्घ मुक्कामी माणूस रविवारीही तिथेच झोपतो. पूर्ण सेवेचं हॉटेल, म्हणजे मोठे सभागृह, दोन-तीन रेस्टॉरंट, दिवसरात्र रूम सर्व्हिस, तेव्हाच काढा जेव्हा परिषदा आणि समारंभांची मागणी तुम्ही नावानिशी, तारखांनिशी मोजली आहे.

कारण नफा खोल्यांत असतो. खोली-विभागाच्या उत्पन्नातून त्या विभागाचा थेट खर्च वजा केला, तर शंभरातले सत्तर-पंचाहत्तर उरतात. खाद्यपेय विभागात तेच गणित पंचवीस-तीसवर येतं, आणि वर्दळ नसेल तर शून्याखालीही जातं. मध्यवर्ती भागाचा एक फायदा इथे वापरा. चालत पाच मिनिटांवर चांगली खाण्याची ठिकाणं असतील, तर स्वतःचं मोठं रेस्टॉरंट काढण्याऐवजी तळमजला एखाद्या कसलेल्या रेस्टॉरंट-चालकाला भाड्याने द्या, आणि रस्त्यावरून थेट आत येणारं दार त्याला मिळू द्या.

आकाराबाबत माझा कल लहानाकडे आहे. खोल्या कमी पडल्या तर दर वाढवता येतो. जास्त झाल्या तर तो वर्षानुवर्षं पाडावा लागतो. दोन हॉटेलं घ्या. एक १०० रुपये दराने ६० टक्के भरतं, दुसरं ७५ रुपयांनी ८० टक्के. उपलब्ध खोलीमागचं उत्पन्न, ज्याला धंद्यात रेव्हपार म्हणतात, दोघांचं ६० रुपयेच. पण दुसरं हॉटेल तिसऱ्या हिश्श्याने जास्त खोल्या साफ करतं, जास्त चादरी धुतं, जास्त नाश्ते घालतं. पहिल्याच्या हाती जास्त उरतं.

या पायरीवर जुना ठोकताळा लावून पाहा: खोलीमागे एकूण जितका प्रकल्पखर्च, त्याच्या हजाराव्या भागाइतकं सरासरी दैनिक भाडं मिळायला हवं. चलन कुठलंही असो, नियम तोच. तो ढोबळ आहे आणि सत्तर टक्क्यांच्या आसपासची ऑक्युपन्सी गृहीत धरतो, तरी धोक्याची घंटा म्हणून फार उपयोगी. या हिशेबाने लागणारं भाडं शहरातल्या सगळ्यात महाग हॉटेलपेक्षा तीस टक्क्यांनी जास्त निघत असेल, तर खर्च कमी करा, दर्जा बदला किंवा जागा सोडा.

तिसरी पायरी: जागेला उलट्या बाजूने बघा

सगळे जण समोरून जागा बघतात. मी मागच्या गल्लीपासून सुरुवात करतो. पहाटे कचऱ्याची गाडी कुठून येणार? कपड्यांचा, भाज्यांचा ट्रक कुठे उभा राहणार आणि वळून बाहेर कसा जाणार? मध्यवर्ती भागातले अरुंद भूखंड इथेच नापास होतात. माल उतरवायची जागा आणि पाहुण्यांचं प्रवेशद्वार एकाच रस्त्यावर आलं, की सकाळी नऊ वाजता चेक-आउट करणाऱ्या पाहुण्याच्या टॅक्सीपुढे दुधाचा टेम्पो उभा असतो. हे नंतर दुरुस्त होत नाही.

पार्किंग हा दुसरा मोठा खर्च. जमिनीखालचा प्रत्येक मजला महाग पडतो. पण ऑफिसांचं पार्किंग संध्याकाळी रिकामं होतं आणि हॉटेलचं तेव्हा भरायला लागतं. शेजारच्या ऑफिस इमारतीशी किंवा पालिकेच्या वाहनतळाशी दीर्घ मुदतीचा करार झाला, तर एक अख्खं तळघर वाचू शकतं. करार हॉटेलच्या कर्जाच्या मुदतीइतका तरी असावा, नाहीतर बँक तो मोजत नाही.

जुनी इमारत बदलून हॉटेल करायचं असेल तर आधी तिची रुंदी मोजा. मधे मार्गिका आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशी हॉटेलची पट्टी साधारण १७ ते १९ मीटर रुंद असते. जुन्या अरुंद ऑफिस इमारती यात सुरेख बसतात. तीस-पस्तीस मीटर रुंदीच्या आधुनिक ऑफिस मजल्यांवर मधला भाग खिडकीविना उरतो आणि तिथे खोली करता येत नाही. जुन्या इमारतीत अनपेक्षित खर्चासाठी १५ टक्के तरी बाजूला ठेवा. भिंत फोडल्यावर काय निघेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

पालिकेशी बोलणंही याच वेळी सुरू करा. शहराला मध्यवर्ती भागात रात्रीची वर्दळ हवी असते, म्हणून जमीन दीर्घ भाडेपट्ट्याने देणं, वाहनतळ उभारणं, काही वर्षं करसवलत देणं यावर चर्चा होऊ शकते. बदल्यात, सभागृह किंवा परिषद केंद्र जवळ असेल तर, मोठ्या कार्यक्रमांसाठी ठरावीक खोल्या काही महिने आधीपासून राखून ठेवण्याचा करार मागितला जातो. तो द्यायला हरकत नाही, पण न विकलेल्या खोल्या किती दिवस आधी तुमच्याकडे परत येतील ती तारीख कागदावर आलीच पाहिजे.

चौथी पायरी: ब्रँड आणि चालक

हे रेखाटनांच्या आधी ठरवा, कारण खोलीच्या मापापासून लिफ्टच्या संख्येपर्यंत ब्रँडची मानकं असतात. नकाशे झाल्यावर ब्रँड आला की नकाशे पुन्हा होतात.

फ्रँचायझी घेतली तर खोल्यांच्या उत्पन्नावर साधारण ४ ते ६ टक्के रॉयल्टी, आणि वर मार्केटिंग, आरक्षण यंत्रणा, सदस्य-योजना असं सगळं धरून बेरीज बरेचदा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे जाते. चालवायला वेगळी कंपनी नेमली तर एकूण उत्पन्नावर २ ते ४ टक्के मूळ शुल्क आणि ढोबळ नफ्यावर ८ ते १० टक्के प्रोत्साहन शुल्क. ब्रँड नकोच म्हणाल, तर ऑनलाइन बुकिंग कंपन्यांचं १५ ते २५ टक्के कमिशन जास्त खोल्यांवर भरावं लागेल, हे समोर ठेवून तुलना करा. ओळखीचं नाव नसलेल्या शहरात पाहुण्याला ब्रँडचा आधार वाटतो, म्हणून माझं मत बहुधा ब्रँडच्या बाजूने पडतं.

करारात तीन कलमं स्वतः वाचा, वकिलावर सोडू नका. एक, तोच ब्रँड किती वर्षं आणि किती परिसरात दुसरं हॉटेल देणार नाही. मध्यम शहरात हा परिसर अख्खं शहर असायला हवा. दोन, सलग दोन वर्षं कामगिरी ठरलेल्या पातळीखाली गेली तर चालकाला काढता येतं का. तीन, हॉटेल विकलं तर करार नव्या मालकाच्या गळ्यात राहतो की सुटतो. विक्रीच्या वेळी किंमत यावर हलते.

पाचवी पायरी: पैसा

हॉटेलला बँका घाबरतात, आणि त्याला कारण आहे: ऑफिसचा भाडेकरार कित्येक वर्षांचा असतो, हॉटेलचा एका रात्रीचा. त्यामुळे कर्ज प्रकल्पखर्चाच्या ५५ ते ६५ टक्क्यांपर्यंतच मिळतं, आणि कर्जफेडीच्या हप्त्याच्या १.३ ते १.५ पट रोख उरताना दाखवावी लागते.

अंदाजपत्रकात लोक जमीन, बांधकाम, फर्निचर लिहितात आणि तीन गोष्टी विसरतात. बांधकाम चालू असतानाचं व्याज. उघडण्यापूर्वीचा खर्च: भरती, प्रशिक्षण, विक्री पथकाचे पगार, चाचणीचे दिवस. आणि पहिल्या वर्षा-दीड वर्षाची तूट. नवं हॉटेल स्थिर व्हायला तीन-चार वर्षं घेतं. वरच्या उदाहरणात चौसष्ट टक्के चौथ्या वर्षी धरा, पहिल्या वर्षी पन्नासच.

नंतर ताणाची चाचणी. चौसष्टऐवजी चौपन्न टक्के धरून सगळं पुन्हा मांडा. उत्पन्न जवळपास सहाव्या हिश्श्याने घटेल, पण नफा त्याच्या कितीतरी पटीने, कारण पगार, वीज, विमा, मालमत्ता कर जागच्या जागी राहतात. तिथेही हप्ता भरता येत असेल तरच पुढे जा. शिवाय उत्पन्नाच्या ४ टक्के रक्कम दरवर्षी नूतनीकरणासाठी बाजूला निघायला हवी. गालिचे-पडदे पाच-सात वर्षांत बदलावेच लागतात.

सहावी पायरी: आता आर्किटेक्टला फोन करा

खोलीची पट्टी मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत ३.६ ते ४ मीटर रुंद असते. ती पावणेचार-चार मीटरची ठेवली तर दोन खोल्या मिळून साडेसात-आठ मीटर होतात, आणि अडीच मीटरच्या तीन गाड्या खाली नेमक्या तेवढ्यात मावतात. खांबांची ही जुळणी पहिल्याच रेखाटनात झाली तर तळघरापासून छतापर्यंत खांब सरळ जातात आणि मधे महागड्या तुळया टाकाव्या लागत नाहीत.

शेजारच्या खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून, मधे एकच उभा नळदांड (सगळे नळ नेणारी पोकळी) ठेवण्याची युक्ती अमेरिकी हॉटेलमालक एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये बफेलोच्या हॉटेलात वापरली. प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर सामान्य माणसाच्या भाड्यात द्यायचं, तर नळकाम निम्मं व्हायला हवं हा त्यामागचा विचार. आजही तीच मांडणी चालते. फक्त त्या दांडाला मार्गिकेतून दार ठेवा, म्हणजे गळती काढायला पाहुण्याची खोली बंद करावी लागत नाही.

आणि सगळ्यात जास्त भांडून घ्या ती नमुना खोली. बांधकाम मजल्यांवर पोचण्याआधी कुठल्या तरी गोदामात एक खोली हुबेहूब उभी करा: तोच दरवाजा, तीच गादी, तोच नळ. तिथे रात्री झोपा. पलंगावर पडून दिवे विझवा. दाराच्या फटीतून मार्गिकेचा उजेड येतो का? एसीचा लहान हिरवा दिवा डोळ्यांवर येतो का? उशीवरून हात न उचलता मुख्य दिवा बंद होतो का? सूटकेस उघडी ठेवून तिच्या बाजूने चालता येतं का? शॉवरचं दार उघडलं की पाणी कुठे टपकतं? बाहेर कुणाला तरी चाकाची बॅग ओढत फिरायला सांगा आणि आत ऐका. मग सफाईच्या कर्मचाऱ्यांना बोलवा आणि खोली तयार करायला लावा. एका नमुना खोलीत गादी भिंतींमध्ये इतकी घट्ट बसली होती की चादर खोचायला दर वेळी पलंग ओढावा लागत होता. पलंगाचा आधार दहा सेंटीमीटरने अरुंद केला आणि प्रश्न मिटला. शंभर खोल्या झाल्यावर ते कळलं असतं तर पाठदुखीची किंमत सफाईच्या कर्मचाऱ्यांनी रोज मोजली असती.

सातवी पायरी: बांधकामातले बदल

खर्च आणि वेळेबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे एकाच गोष्टीवर थांबतो. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हायट रीजन्सी हॉटेलच्या लॉबीतले टांगते पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा पूल एकाच लांब सळईला लटकत होते. काम सोपं व्हावं म्हणून त्याऐवजी दोन सळया केल्या गेल्या आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. वरच्या जोडावरचा भार दुप्पट झाला, आणि तो बदल कुणीही गणित करून तपासला नाही.

म्हणून साइटवर एक नियम लिहून लावा: भार वाहणारा कुठलाही भाग, आगीपासून संरक्षण देणारी कुठलीही भिंत किंवा दार यात बदल सुचला, की स्ट्रक्चरल इंजिनिअरचं नवं गणित आणि सही आल्याशिवाय काम होणार नाही. उद्घाटनाची तारीख जवळ आली तरी नाही. जिन्याकडे जाणारं अग्निरोधक दार पाचर लावून उघडं ठेवलेलं दिसलं तर त्याच क्षणी काम थांबवण्याचा अधिकार तुमच्या माणसाला द्या.

आठवी पायरी: दार उघडण्याआधी आणि नंतर

विक्रीप्रमुख इमारतीच्या आधी यायला हवा, उघडण्याच्या नऊ ते बारा महिने अगोदर. कंपन्यांचे पुढच्या वर्षाचे दर-करार बहुतेक आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ठरतात. ती वेळ चुकली तर पहिलं अख्खं वर्ष तुम्ही त्यांच्या यादीत नसता. पहिल्या पायरीवर भेटलेल्या माणसांची यादी त्याच्या हाती द्या, कोण किती रात्री म्हणाला होता त्यासकट.

चादरी-टॉवेलांचे खोलीमागे किमान तीन संच: एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात. पहिले काही आठवडे निम्म्याच खोल्या उघडा, एकेक मजला करत. कर्मचाऱ्यांना आपल्याच हॉटेलात एक रात्र पाहुणे म्हणून राहू द्या. गरम पाणी यायला किती सेकंद लागतात, कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो हे त्यांनी स्वतः अनुभवलेलं असेल, तर काउंटरवर उत्तर देताना आवाजात खात्री येते.

आणि तो जुना तक्ता विसरू नका. उघडल्यावर तीन महिन्यांनी तोच कागद काढा, प्रत्येक चौकटीत अंदाजाशेजारी खरा आकडा लिहा आणि विक्रीप्रमुखासोबत बसा. मंगळवारची चौकट पाहण्यात वेळ घालवू नका. ती भरतेच. तिथे फक्त दर वाढवता येईल का ते ठरवा. रविवारच्या रांगेत, अंदाज ३५ होता आणि प्रत्यक्षात २८ दिसतायत, तर पुढच्या सोमवारी पहिली भेट रुग्णालयाच्या प्रशासकाची ठेवा, दुसरी सोमवारी सकाळी प्रशिक्षण सुरू करणाऱ्या कंपन्यांची. त्यांचे लोक आदल्या रात्रीच पोचायला हवेत.